पेठेतली पारध: नवशिक्यांसाठी

केसाळ जनावर धरून त्याच्या कातड्यावर पोट भरायचं ज्याच्या मनात आहे, त्याने खरं तर कॅनडात जन्म घ्यायला हवा होता. तिकडे १६७० साली हडसन बे कंपनी याच धंद्यावर उभी राहिली. बीव्हरच्या लवीपासून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या होत, आणि त्या टोप्यांपायी पुढची दीड-दोन शतकं नद्या, जंगलं, तिथली मूळ माणसं, कुणालाच स्वस्थता मिळाली नाही. तुमचा जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत झाला. आता त्याला इलाज नाही. दाट लव येते ती बर्फातल्या जनावराला, आणि पंचगंगेवर बर्फ धरल्याचं कुणाच्या आज्जीनेही पाहिलेलं नाही. बाहेरून तयार माल मागवावा, तर मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर सरकारने जानेवारी २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तेव्हा घरच्या घरी जे मिळेल त्यावर सुरुवात करायची.

पेठेत मिळते ती घूस.

जनावर

नवशिका पहिल्यांदा इथेच फसतो. रात्री मोरीतून काळं काहीतरी सळ्ळकन गेलं की तो "उंदीर!" म्हणून ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी उंदराचा चाप घेऊन येतो. घरातला उंदीर तुळईवरून चालतो, माळ्यावर राहतो, अंगाने सडपातळ असतो आणि त्याची शेपूट अंगापेक्षा लांब असते. घूस जमिनीची. जोत्याखाली बीळ करते, उकरलेल्या मातीचा ढीग बाहेर टाकते, गटारातून ये-जा ठेवते आणि चांगली पोसली तर किलोभर भरते. कोंडीत सापडली तर पाठीवरचे राठ केस ताठ उभे करून घुरघुरते, आणि त्या वेळी समोरच्याने पाठ दाखवणंच शहाणपणाचं असतं. उंदराचा चाप तिला लागला तर ती चापासकट निघून जाते. चाप गेला, वर घरात बोलणी.

साठमारीच्या आसपासचे बोळ, कौलारू घरांमागची परडी, दोन भिंतींमधल्या हातभर सांदी, हे तिचं वतन. एखादं जुनं घर पाडून अपार्टमेंट उभं राहायला लागलं की त्या जोत्याखालचा सगळा बारदाना शेजारच्या घरात वस्तीला येतो. बिल्डर शेजाऱ्यांना पेढे देतो, घुशी तशाच येतात.

घराणं

"आमच्या रक्तातच शिकार हाय," असं कोल्हापुरात कुणीही म्हणू शकतो. ज्या साठमारीच्या नावावर आपण पत्ता सांगतो, तिथे शाहू महाराजांच्या काळी माणसं पिसाळलेल्या हत्तीला अंगावर घ्यायची आणि ऐन वेळी बुरुजाआड दडायची. संस्थानाकडे शिकारी चित्ते होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची, पुढचं तो बघत असे. न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेली जनावरं बघताना अजूनही पाहुण्यांना आपण आवाज जरा मोठा करूनच माहिती देतो.

पण नवशिक्याने विचारायचा प्रश्न असा, की चित्ते आले कुठून? पाळलेला चित्ता सहसा वीतच नाही. जहांगिराच्या पदरच्या चित्त्याला पिल्लं झाली ती एवढी नवलाची गोष्ट होती, की त्याने ती लिहून ठेवली. म्हणजे चित्ता रानातूनच धरून आणावा लागे, आणि तोही वाढलेला, कारण शिकार त्याला आईने शिकवलेली असली पाहिजे. ते काम पारध्यांचं. माळावर ठरावीक झाडं असतात, तिथे चित्ते येतात, नखं घासतात, आपली खूण ठेवून जातात. पारधी ते झाड हेरत आणि भोवती तातीचे फास मांडत. पाठलाग नाही, आरडाओरडा नाही. चित्ता आपल्या पायांनी येई. पुढे देशातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून मागवले.

या सगळ्या हकिकतीत पिंजरा कुठेच नाही, हे लक्षात घ्यावं. कुठलं झाड, एवढंच भांडवल.

हे भांडवल ज्यांच्याकडे होतं त्यांचं काय झालं, तेही अभ्यासक्रमातच येतं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीला जवळ ठेवून नोकऱ्या दिल्या. बाकी देशात हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत कागदावर राहिला. कागदावरून गेला, एवढंच म्हणता येईल. तुम्ही रात्री बाराला हातात पिंजरा घेऊन बोळातून निघालात तर लोक विचारतात, "काय, घावली काय?" फासेपारधी निघाला तर त्याला नाव-गाव विचारतात.

कायदा

थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती, पाचवी. तीत कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर-घुशी अशी मंडळी एका पंगतीला बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती पंगतच उठवली. घुशीला त्यामुळे संरक्षण मिळालं असं नाही, पण तिचा सरकारी हुद्दाही गेला. पेठेत दिसणारी काही केसाळ जनावरं मात्र वन्यजीव म्हणून या कायद्याखाली येतात आणि त्यांना हात लावायचा नाही. माळ्यावर रात्रभर धावपळ करणारं, लांब शेपटीचं, काळपट तोंडाचं जनावर तुमच्या पिंजऱ्यात बसलेलं दिसलं तर ते उदमांजर आहे. फोटो काढून स्टेटसला ठेवू नये, १९२६ हा वनखात्याचा क्रमांक लावावा.

मुंगसाचंही तसंच. आणि इथे कोल्हापूरकराने जरा मान खाली घालावी असा विषय आहे. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. गल्लोगल्ली चित्रकार, मूर्तिकार, बोर्ड रंगवणारे. आणि ब्रशाच्या चांगल्या केसांसाठी देशभर मुंगसं मारली जातात, फासे लावून, काठ्यांनी, एका मुंगसामागे जेमतेम काही ग्रॅम केसांसाठी. आपल्याकडे खरीखुरी केसांची पारध म्हणावी ती हीच, आणि ती सरळसरळ गुन्हा आहे. दुकानदार आवाज खाली आणून "ओरिजनल केस हाय, बघा" म्हणाला तर सिंथेटिक ब्रश घ्यावा आणि पावती मागावी.

वाट

आता धंद्याचं. पिंजरा आणण्याआधी आठवडाभर फक्त बघायचं. नवशिक्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणूनच तो नवशिका राहतो.

घूस उघड्यावरून जात नाही. भिंतीला अंग घासत, मिशांनी भिंत चाचपत जाते, आणि रोज त्याच वाटेने जाते. कुठल्याही जुन्या घराच्या मोरीपाशी वाकून बघा. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून दोन-तीन बोटांवर, तेलकट काळसर पट्टा दिसतो. तो तिच्या अंगाचा. लेंड्या कुठे आहेत, ओल्या की सुकलेल्या, तेही बघावं. बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर ते घर रिकामं. जाळं नसेल आणि माती भुसभुशीत असेल तर मंडळी आत आहेत.

मग रांगोळी. रात्री जेवणं उरकली, भांडी घासून झाली, मोरी कोरडी झाली की पांढऱ्या रांगोळीची पूड चाळणीने पातळ भुरभुरवावी. जाड थर नको, फरशीचा रंग खालून दिसला पाहिजे. दिवा मालवून झोपावं. सकाळी लवकर, कुणी बंब पेटवायला उठायच्या आत, तिरप्या उजेडात बघावं. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. मधूनच ओढलेली बारीक रेघ, ती शेपूट. पावलं मोरीच्या जाळीपासून निघून शेगडीखाली जातात, तिथे थोडी घोटाळतात आणि धान्याच्या डब्यामागे नाहीशी होतात. हे तुमचं झाड. चित्त्याचं असो की घुशीचं, बघणाऱ्याला ते दिसतं. न बघणारा दुकानात जाऊन आणखी मोठा पिंजरा मागतो.

घरातली मंडळी "सकाळी सकाळी मोरीत रांगोळी कसली?" म्हणून विचारतीलच. उत्तर देत बसू नये.

पिंजरा

लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात फिरलात तर मिळेल. तारेच्या जाळीचा घ्यावा, लाकडी घेतला तर घूस रात्रीत कुरतडून बाहेर. लांबी अशी, की झडप पडली तेव्हा शेपूट आत राहील. यंत्रणा साधी. आत आकडा, आकड्याला आमिष. आकडा हलला की वरची सळी सुटते आणि स्प्रिंगवर ताणलेली झडप खाली येते. दुकानातच दहा वेळा पाडून बघावी. दुकानदार वैतागला तरी चालेल. बोटाच्या टोकाने सुटली पाहिजे आणि पडल्यावर आतून ढकलून उघडता कामा नये.

चिकट पुठ्ठा आणू नये. त्यावर पाली, चिमण्या, मांजराचं पिल्लू, शेजारच्या पोराची चप्पल असं सगळं चिकटतं, आणि जे जिवंत चिकटतं ते दोन-दोन दिवस तडफडतं. विषही नको. घूस विष खाते आणि मरते मात्र तुमच्या देव्हाऱ्यामागच्या भिंतीत. पुढचे आठ दिवस उदबत्ती कितीही लावा.

पिंजरा आणला की त्याच रात्री लावायचा नाही. घूस नव्या वस्तूला बुजते. काल नव्हतं ते आज वाटेत दिसलं की ती वळसा घालते. म्हणून झडप तारेने बांधून उघडी ठेवायची, पिंजरा भिंतीलगत तिच्या वाटेवर मांडायचा आणि तीन-चार रात्री तिला फुकट जेवू घालायचं. आत यावं, खावं, जावं. शेतकऱ्यांनाही विषाआधी दोन-तीन दिवस साधं तेलकट धान्य ठेवायला सांगतात, ते याचसाठी. पेठेत मात्र ही पायरी फारशी कुणी पाळत नाही. "तिला जेवायला घालायला पिंजरा आणला काय?" या प्रश्नापुढे भलेभले पारधी माघार घेतात.

आमिष

इथे मार्गदर्शकाचं काम संपतं आणि पेठेचं सुरू होतं. तुम्ही पिंजरा घेऊन दारात बसलात की पाच मिनिटांत समिती जमते.

"भजी लावा, भजी," समोरचे तात्या सांगतात. "कांद्याची. शिळी नको."

"घुशीला काय कळतंय ताजी-शिळी?"

"तुमच्यापरास जास्त कळतंय तिला. काल माझ्या दुकानातनं नेली ती ताजीच नेली."

"खोबरं," वरच्या मजल्यावरून आक्का. "जरा भाजून. वास सुटला पायजे."

"आक्का, सुकट का नको?"

"लाव की. सगळ्या पेठंची मांजरं ये म्हणतील."

आक्कांचं बरोबर आहे. सुकटीने घूस येते, पण तिच्याआधी मांजर येतं, आणि पहाटे पिंजऱ्यातलं मांजर आणि त्याची मालकीण यांना एकाच वेळी तोंड देण्याची तयारी नवशिक्याकडे नसते. माझं मत भाजलेल्या खोबऱ्याला. घट्ट असतं, आकड्यात पक्कं बसतं, ओढल्याशिवाय निघत नाही. भजी मऊ पडते. घूस तळलेला कांदा अलगद काढून घेते आणि आकडा जागचा हलत नाही. भाकरीचा तुकडा गोड्या तेलात बुडवून लावला तरी चालतो. तांबड्या रश्श्यातली हाडं लावू नयेत. हाडं तुमच्याकडे आहेत हे कळलं की रविवारी समिती जेवायलाच येते.

आमिष रोज बदलू नये. आणि आकड्याला हाताने लावावं की चिमट्याने, या वादात पडू नये. हात स्वच्छ धुतले की पुरे.

हंगामाचंही पाहावं. पावसाळ्यात गटारं भरली की बिळांत पाणी शिरतं आणि घुशी घरं बदलतात, ते दिवस चांगले. फुटबॉलचा हंगाम वाईट. पाटाकडील तालमीच्या संघाने सामना जिंकला की रात्री बोळात जे काही वाजतं त्यानंतर आठवडाभर घूसच काय, कुत्रंही बाहेर येत नाही. गणेशोत्सवात पिंजरा मांडूच नये. मंडपामागे प्रसादाच्या साखरेच्या पोत्यावर हमखास सापडेल, हे खरं. पण देवाचं वाहन पिंजऱ्यात घातलं, ही बातमी आरतीच्या आत सगळीकडे झालेली असेल आणि वर्गणी वाढवून मागितली जाईल.

सापडल्यावर

झडपेचा आवाज पहाटे तीन-साडेतीनला येतो. सगळं घर उठतं, समोरचं घर उठतं. तालमीची पोरं कुठून येतात ते सांगता येत नाही, पण येतात आणि येताना काठ्या आणतात. त्यांना आधी चहा पाजावा. उघड्या हाताने पिंजरा उचलायचा नाही. जाड रबरी हातमोजे घालावेत, वर पोतं टाकावं. अंधारात ती गप्प बसते. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला भेग असली तरी जंतू आत शिरतात. म्हणून मोरी ब्लीचिंग पावडरने धुवायची आणि त्या दिवशी अनवाणी फिरायचं नाही.

ही भीती आजोबा-पणजोबांपासूनची आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मागोमाग तो कोल्हापूर संस्थानातही पोहोचला. घरात उंदीर पडला म्हटलं की माणसं घर टाकून माळावर झोपड्यांत राहायला जायची. उंदरावरची पिसू हे मधलं कारण पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून १८९८ मध्ये दाखवलं, पण तेव्हा त्याचं म्हणणं फार कुणी मनावर घेतलं नाही.

आता हिचं करायचं काय? मुंबईला महापालिकेची माणसं रात्रपाळीला बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. रात्रीत तीस उंदीर मारून मोजून द्यायचे, असा त्यांचा हिशोब. ते काम तासभर जरी बघितलं तरी आपल्या पिंजऱ्याचा डौल उतरतो. पेठेतली रीत वेगळी आहे. इथे घूस मारायला कुणी पुढे होत नाही. काठ्या आणलेली पोरंही तिने एकदा घुरघुरून दाखवलं की "सोडून येऊया लांब" म्हणतात. लांब म्हणजे कुठे, याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पोत्यात गुंडाळलेला पिंजरा स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवायचा आणि शिवाजी पेठेत नेऊन सोडायचा. वाटेत समोरून तसंच पोतं घेऊन येणारी स्कूटर दिसली तर ओळख दाखवू नये. रंकाळ्यावर सोडणारेही आहेत. पहाटे फिरायला आलेली माणसं त्यांना चांगलं सुनावतात, आणि ते योग्यच आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवणं हा नियमाचा मार्ग. तो सांगणं माझं कर्तव्य होतं.

कातडं

ज्या कारणासाठी आपण बसलो ते हे. घुशीचं कातडं हातात घेऊन बघाल तर वरचे केस खराट्याचे, खालची लव नावाला आणि त्यातही पिसवा. कोट करायचा तर किती घुशी लागतील याचं गणित करू नये, झोप जाईल. चपलेलाही ते चालत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं म्हशीचं, बैलाचं, बकरीचं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवून कमावलेलं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला नाव न घेता चालवल्या तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं. अशा वेळी सुभाषनगरात जाऊन एखाद्या कारागिराला "घुशीच्या कातड्याची काढता का हो एक जोडी?" असं विचारू नये. तो आधीच वैतागलेला आहे.

एक इशारा राहिला. गटाराच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, जोत्यातली भोकं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवली, कचऱ्याच्या बादलीला झाकण आलं आणि भाजीवाल्याने सडका माल बोळात टाकायचा थांबवला, तर घुशी येत नाहीत. हे मुंबईच्या काठीवाल्यांनाही माहीत आहे आणि आक्कांनाही. मात्र तसं झालं तर धंदाच बसला. त्यासाठी सगळ्या बोळाने एकाच आठवड्यात एकत्र काम करावं लागतं, म्हणून पारध्याला सध्या काळजीचं कारण नाही.

पिंजरा वापरून झाला की उकळत्या पाण्याने धुवावा, उन्हात ठेवावा. उन्हात ठेवला की तो सगळ्यांना दिसतो. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या काकू "दोन दिवस द्या की" म्हणून नेतील. त्यांच्याकडून तो त्यांच्या जावेकडे जाईल, तिथून गिरणीवाल्याकडे. चौकशी केलीत तर प्रत्येक जण पुढचं घर सांगेल. रविवारी लक्ष्मीपुरीत जाऊन दुसरा आणावा, आणि या खेपेला दोन आणावेत.